दोन हात

पाचवी संपली. मुलीची शाळा तेवढ्यावरच थांबते.
सहावीला कुठं घालायची हे ठरवायला
वहीचं एक पान फाडलं, तीन रकाने पाडले:
घणसोली, रबाळे, दिघा.
बायको म्हणाली, तुम्हीच लिहा,
तिन्ही पालिकेच्या शाळा तुम्ही आतून पाहिल्यात.

पाहिल्यात म्हणजे रंगवल्यात.
गेल्या मे महिन्यात, पोरं गावाला गेलेली असताना,
गायकरच्या ठेक्यात, रोजावर.
कागदावर सगळीकडे दोन हात.

घणसोलीची तिमजली. फरशी नवी.
प्रयोगशाळेत हाडांचा सापळा,
शिंतोडे उडू नयेत म्हणून मी त्याला माझा जुना शर्ट घातला होता.
दर्शनी भिंतीला तीन हात, मागच्या भिंतीला एक.
गायकर म्हणाला, मागं कोण बघतंय.
मागं मुलींची मुतारी आहे.
दाराला कडी नव्हती,
कडीच्या चार भोकांवरूनही मी ब्रश फिरवला.
निकाल चांगला लागतो म्हणतात. यादी लांब असते म्हणतात.

रबाळ्याची कंपन्यांच्या मधोमध.
खिडक्या लावूनच शिकवतात,
बाहेरचा वास माझ्या टर्पेंटाइनला मागं टाकतो.
पण मैदान आहे. खरंखुरं.
गोलच्या दोन खांबांना मी पांढरा दिला,
कुणी सांगितलं नव्हतं, डब्यात उरला होता.
हे ऐकलं आणि संबोधीनं स्वतःच्या पेन्सिलीनं
रकान्यात लिहिलं, मैदान. खाली दोन रेघा.
म्हटलं, तिथं दोन वर्षं गणिताला मास्तर नाही.
तिनं तिसरी रेघ ओढली.

दिघ्याची डोंगराला पाठ लावून बसलेली.
तिथं लांबी धरत नाही. पाणी भिंतीतून झिरपतं,
कितीही हात मारा, गणपतीपर्यंत पोपडे.
सातवी ब च्या दाराशी
पेन्सिलीच्या आडव्या खुणा होत्या, नावांसकट.
ओवेस जून, ओवेस मार्च, मधे चार बोटं.
तन्वीर जून, तन्वीर मार्च, जेमतेम एक.
यल्लम्मा जून.
पुढं काही नाही.

रोलर भिजवलेला होता.
तेवढ्यात देवळेकर बाई आल्या, सुट्टीत, किल्ल्यांचा जुडगा घेऊन.
एवढी पट्टी सोडा, म्हणाल्या.
म्हटलं, बाई, ठेकेदार पैसे कापेल.
त्यांनी यल्लम्माच्या खुणेवर बोट ठेवलं,
हिचं मोजायचं राहिलंय अजून.
खाणीवरची पोर. आई-बाप काम बघत कुठं गेले
ते बाईंनाही ठाऊक नव्हतं.
हातभर भिंत सोडली.
गायकरनं दीडशे कापले.

आता हे दीडशे कुठल्या रकान्यात लिहू?
बायको विचारते, ओल लिहिली? लिहिली.
पिण्याचं पाणी? एक दिवसाआड.
बस? वीस मिनिटं, आली तर.
मग दिघ्याच्या बाजूनं आहे तरी काय,
ती पान उलटं करून बघते.
मी कडीचं लिहिलंय घणसोलीखाली, बारीक अक्षरात,
ते तिला दिसलं. बराच वेळ काही बोलली नाही.

काल रविवार. संबोधीला घेऊन दिघ्याला गेलो.
फाटक नुसतंच लोटलेलं, वर्गाला कुलूप.
खिडकीच्या गजांतून ती पट्टी दाखवली,
आजूबाजूला माझा आकाशी, मधे जुना मळका पिवळा.
टाचा उंच करून तिनं पाहिलं.
नावं वाचली, ओठातल्या ओठात.
मग म्हणाली, मैदान कुठंय?

म्हटलं, नाही.

ती बाहेरच्या भिंतीला पाठ टेकून उभी राहिली,
बघत राहिली समोरच्या फुटलेल्या डोंगराकडं.
चल म्हटल्यावर वळली तर
फ्रॉकची सबंध पाठ आकाशी.
माझाच रंग, एका हाताचा.
बस येईपर्यंत मी झटकत होतो.